एवोदियोच्या घागरेवाल्या

समुद्रकाठच्या हॉटेलचा माळी एवोदियो आर्से हट्टाला पेटला की खेचरसुद्धा त्याच्यापुढे शहाणं वाटायचं. हॉटेलच्या रस्त्याला दुतर्फा उभे असलेले पंख्यासारख्या पानांचे उंच ताड त्यानेच लावलेले, खाऱ्या वाऱ्यात बादलीबादलीने पाणी घालून जगवलेले. तेव्हापासून त्यांच्यावर त्याचा बापाचा हक्क. वाळलेल्या झावळ्या दर वर्षी उतरवायच्या असतात, पण हा कुणाला हात लावू देईना. झावळ्या खोडाला लोंबत राहिल्या, थरावर थर चढले, आणि एकेका झाडाला चांगला घोळदार घागरा झाला.

"बाईमाणसाला भर रस्त्यात नागडी करता? लाज वाटते का काही?" तो मॅनेजरला खडसवायचा. पाहुणे त्या घागऱ्यांखाली फोटो काढायचे, आणि हा बाजूला मिशीला पीळ भरत उभा.

धाकटा भाऊ लासारो पोटासाठी हेच काम करायचा, गावभरचे ताड साफ करायचा. "दादा, तुझ्या बाया फार सुटल्या रे," तो चिडवायचा.

"तुझी चायो काय कमी सुटलीय? घरचं बघ आधी!"

चायो म्हणजे लासारोची बायको. तीसुद्धा यावर खळखळून हसायची.

मग शेजारच्या गावात एक घागरा पेटला, दोन छपरं गेली. मॅनेजर म्हणाला, आता पुरे, ईस्टरच्या पवित्र आठवड्याआधी सगळं उतरवा, शहरातून क्रेन मागवतो. एवोदियो भडकला. क्रेनने खोडं सोलवटतात, परक्या माणसाचा कोयता नको. "करायचंच असेल तर माझा भाऊ करेल."

आता हे नीट ऐका. कोवळ्या झाडाला आम्ही ताड साफ करणारे सगळे खालून कापत वर चढतो. जुन्या घागऱ्याला तसं करायचं नसतं. त्याचे वरचे थर खालच्यांवर टेकलेले असतात. खालचे गेले की सगळा डोलारा सरकतो. तो वरूनच सोडवावा लागतो. पहिल्याच झाडाला लासारो खालून भिडला, कारण त्याला सवय तीच. एवोदियोला हे ठाऊक होतं. त्याच्याइतकं गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. एक हाक मारली असती तरी लासारो उतरला असता. पण हा पठ्ठ्या रस्त्याकडे पाठ करून, दगडावर कॉफी पीत बसला होता. रुसून.

सुकं गवत भरलेली गाडी उलटावी तसा आवाज झाला. एवोदियो वळून बघतो तर घागरा अख्खाच्या अख्खा घसरून लासारोवर बसलेला. कमरेचा दोर खोडाला, त्यामुळे तो खालीही पडेना. नुसते पाय दिसत होते.

"दादा," आतून आवाज आला, "दम कोंडतोय रे."

माळी धावले, लोंबणाऱ्या झावळ्यांना धरून ओढू लागले.

"ओढू नका! अरे मेल्यांनो, वरचं सगळं बसेल त्याच्यावर! शिडी आणा!" एवोदियो ओरडला.

पाय झाडणारा माणूस दिसत असताना कोण ऐकतंय? त्यांनी ओढलं. वरचा थर बसला. एवोदियो शिडी लावून वर पोचेपर्यंत पाय शांत झाले होते. त्याने तळपाय हातात धरले आणि भावाचं नाव घेत राहिला. खालून कुणाला त्याच्याकडे बघवेना.

मातीनंतर नऊ दिवस प्रार्थना चालते. बसणाऱ्यांसाठी दारात झावळ्यांचा मांडव घालायचा मान भावाचा. एवोदियो आपल्या ताडांची हिरवी पानं खांद्यावर घेऊन आला. चायो उंबऱ्यात उभी राहिली.

"ही सावली माझ्या दारात नको, भाऊजी."

"लोक उन्हात बसतील गं."

"बसू देत. आधी मला सांगा, तो वर असताना तुम्ही पाठ करून का बसलात?"

"मला बघवत नव्हतं."

"काय बघवत नव्हतं? तो मरेल ते?"

एवोदियोला खोटं बोलता आलं असतं. मांडीवर लेकरं घेऊन बसलेल्या बायकासुद्धा मनातल्या मनात म्हणत होत्या, बोल रे बाबा खोटं.

"झाडं," तो म्हणाला. "झाडं उघडी पडताना बघवत नव्हतं."

चायोने मान हलवली आणि ती आत गेली. नऊही दिवस माणसं रणरणत्या उन्हात बसली. एवोदियो कुंपणाबाहेर उभा राहायचा. आत ये असं त्याला कुणी म्हटलं नाही, मीही नाही.