अरांकाची शपथ

अरांका टुलेयोवाच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. पूर्व स्लोव्हाकियातल्या आमच्या रोमा वस्तीत तिने आठ वर्षं पिवळं जाकीट घालून गस्त घातली. हातात ना काठी, ना बेड्या. भांडण करून कुणी दार लावून बसला, की ती बाहेरून म्हणायची, "माझ्या मेलेल्यांची शपथ, पोलीस तुला हात लावणार नाहीत. ये बाहेर." आणि दार उघडायचं. मेलेल्यांची खोटी शपथ आमच्यात कुणी घेत नाही, मग तो कितीही हरामखोर असो.

मुडदा बशिवला त्या टीव्हीवाल्यांचा! त्यांच्या गुन्हेगारी मालिकेला म्हणे खरी गस्तवाली हवी होती. प्रसंग काय, तर तिने अशीच शपथ घेऊन फरारी पोराला बाहेर काढायचं आणि पोलिसांच्या हाती द्यायचं.

"दुसरं काहीही म्हणते, हे नाही," अरांका म्हणाली.

दिग्दर्शक हसला. "अहो बाई, नाटक आहे ते!"

"नाटक तुमचं. मेलेले माझे."

गावच्या मेयरला रोमा लोकांचं वावडंच. पण टीव्हीवर गाव झळकायला त्याला हवं होतं, आणि गस्तीचा पगार त्याच्याच कचेरीतून निघायचा. त्याने तिला बाजूला घेतलं. "तुझ्यासारख्या छप्पन मिळतील मला. उद्या जाकीट दुसरीच्या अंगावर दिसेल."

घर तिच्या एकटीच्या जिवावर चालायचं. तिने शपथ घेतली. तीही पाच वेळा, कारण दिग्दर्शकाला तिचा आवाज पटत नव्हता.

रविवारी मालिका लागली. अख्ख्या वस्तीने पाहिली. सोमवारपासून तिला कुणी कॉफीला बोलावलं नाही.

गुरुवारी दुपारी कोलोमनने भावाचं डोकं फोडलं आणि कुऱ्हाड घेऊन घरात कोंडून बसला. पोलीस आले. अरांका त्यांच्या आधी दाराशी धावली.

"कोलो, ऐक रे माझं! आपणहून ये. माझ्या मेलेल्यांची..."

"कुणाची गं?" आतून त्याची आई इबोया कडाडली. "त्यांना तर विकून खाल्लंस! चालती हो, सटवे!"

"काकी, मारतील गं त्याला!"

कडी निघाली नाही. पोलिसांनी दार तोडलं, कोलोमनला फरफटत आणून चिखलात पाडलं, लाथांनी तुडवलं. अरांका मध्ये पडली तर तिलाही ढकललं.

"बाजूला व्हा बाई," एक पोलीस हसत म्हणाला, "टीव्हीवर तर झकास उघडायला लावलंत दार!"

यावर आमचीच माणसं फिदीफिदी हसली. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.