एक मूल कमी

काल घरी रक्त तपासायला आलेल्या मुलीने कापसावर स्पिरिट घेतलं आणि बसवनगुडीतलं ते मोफत लसीकरण केंद्र आठवलं. आमच्या खाजगी डॉक्टरांकडची गोवराची लस संपली होती, म्हणून लेकीला घेऊन मी नाइलाजाने तिथे गेले होते. बाकावर बांधकामावरची एक बाई बाळाला मांडीवर घेऊन सकाळपासून बसली होती. “पाच मुलं झाली की बाटली उघडते. उरलेली लस फेकावी लागते हो,” नर्स सगळ्यांना सांगत होती. माझी लेक पाचवी. “अक्का, तुम्ही आलात म्हणून आज झालं,” ती बाई कन्नडमध्ये म्हणाली, “दोनदा तशीच परत गेले. पुढच्या डोसालाही या, एकाच गुरुवारी येऊ.” मी “सरी”, म्हणजे बरं, म्हणाले. पुढच्या डोसाच्या वेळी डॉक्टरांकडे लस आलेली होती. तिथल्या थंडगार खोलीत लेकीपुरती वेगळी बाटली उघडली आणि काम झालं. आता ती कॉलेजात जाते. केंद्र आमच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. तरी त्या गुरुवारी तिथे पाच मुलं जमली का, हे विचारायला मी कधी गेले नाही.