न दिलेला मासा

उचगावच्या रस्त्यावरचा तो शोभेच्या समुद्री माशांचा दुकानदार माझ्यासारख्या जुन्या गिऱ्हाइकालाही ‘पावणं’च म्हणतो, आणि मासा आपल्या डोळ्यांदेखत टाकलेले खाणे खाईपर्यंत तो विकत नाही. माझ्या घरच्या प्रवाळांच्या मोठ्या टाकीची शोभा म्हणून मी टँग जातीचा एक मोठा जांभळा मासा निवडला, तेव्हाही त्याने आधी कोळंबीचे तुकडे सोडले. माशाने तोंड फिरवले.

“न्हाय द्यायचा, पावणं. चार दिस थांबा की.”

“रविवारी पाहुणे येणार आहेत. मेला तर माझा मरेल!” मी ओरडलो.

“तुमचा कसला? मरणार त्योच की!” असे म्हणून त्याने त्या माशाच्या टाकीवर कापड टाकले.

त्या अपमानाने मी धुमसत राहिलो. रविवारी पाहुण्यांनी टाकीत एखादा मोठा मासा का नाही असे विचारले, तेव्हा दुकानदार उर्मट निघाला, एवढेच मी सांगितले. मासा आजारी होता आणि तरीही मी तो मागत होतो, हे मात्र सांगवले नाही.