मंडळीची ओळ

काचीगुड्याला स्टेशनामागे एक छोटं चर्च आहे. रविवारी दूध घेऊन येताना आतून मराठी गाणं ऐकू आलं म्हणून मी डोकावलो. एक म्हातारे गृहस्थ, सगळे बाक पुसून, एकटेच उपासना चालवत होते. गीताची एक ओळ म्हणायचे, तेवढाच वेळ गप्प उभे राहायचे, मग पुढची ओळ.

"मधे का थांबता?" मी नंतर विचारलं.

"तीच ओळ समोर बसलेल्या मंडळीनं परत म्हणायची असते. जवान लोक आता इंग्रजी चर्चला जातात, म्हातारे कबरस्तानात गेले. पण म्हणून त्यांची ओळ मी कशी म्हणू, साहेब?"

पुढच्या रविवारी मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. त्यांनी ओळ म्हटली. सोपी होती, तरी माझ्या तोंडून आवाज फुटेना.

ते थांबले. नेहमीपेक्षा जरा जास्तच थांबले.