मजुरी म्हणजे काय?

आमच्या सासऱ्यांइतका चौकस माणूस अख्ख्या मावळात झाला नसेल. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी ते लोणावळ्यात जन्ममृत्यूची नोंद करणारे कारकून होते. माणूस जिवंत असो वा मेलेला, त्यानं आजवर कुठं कुठं काम केलं हे कळल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा माझी पत्रिका त्यांनी न उघडताच बाजूला ठेवली. "मास्तर आहात ते कळलं. त्याआधी? छापखान्यात? किती वर्षं? खोकला येतो का?" पोहे निवून गेले. न्हाव्याचीही अशीच उलटतपासणी चाले, तोवर गालावरचा साबण वाळून जाई.

मयताच्या वहीत धंद्याच्या रकान्यात नुसतं 'मजुरी' लिहायचा रिवाज. तो शब्द सासऱ्यांना खपत नसे. "मजुरी म्हणजे काय? काय फोडायचा, काय उचलायचा?" असं ते रडत आलेल्यालाही विचारत, शिव्या खात, आणि जे कळेल ते समासात टिपून ठेवत. एकदा लोणावळ्याच्या दवाखान्यात वारलेल्या एका गड्याची विधवा कुरवंडे गावाहून आली. तिनं मात्र नीट सांगितलं, "खाणीत सुरुंगाची भोकं पाडायचा, भाऊ. धा वर्सं. लय धूळ. घरी आला की भुवया बी पांढऱ्या." सासऱ्यांनी ते समासात उतरवलं आणि मागची पानं चाळली. भोकं पाडणारे एकामागून एक ऐन उमेदीत खोकून गेले होते, आणि कारण म्हणून प्रत्येकापुढं 'ताप'. त्यांनी सुवाच्य अक्षरात यादी करून वरच्या कचेरीला धाडली. उत्तर आलं, 'रकान्याबाहेर लिहू नये.' ते लिहीतच राहिले. अक्षर तेवढं बारीक केलं.

त्या बाईचा थोरला, चांगला मिशी फुटलेला, त्याच खाणीत लागणार असं कानावर आलं, तेव्हा ते पायी कुरवंड्याला गेले. "नका पाठवू त्याला."

"मग खायाचं काय, भाऊ? तुमीच सांगा."

ते आले तसे पायीच परतले.

सात-आठ वर्षांनी एका दुपारी मी त्यांचा डबा घेऊन कचेरीत गेलो, तर खिडकीशी तीच बाई उभी. सासऱ्यांनी टाक उचलला, शाईत बुडवला. त्यांनी विचारायच्या आतच ती म्हणाली, "लिवा भाऊ. माझा थोरला. भोकं पाडायचा. सा वर्सं." त्यांनी लिहिलं, वर टिपकागद दाबला, टोपी घातली. "चला बाई, वाटेपर्यंत येतो." डबा माझ्या हातातच राहिला. ती पुढं, ते मागं, अशी दोघं उन्हात कुरवंड्याच्या वाटेला लागली. वळणापर्यंत मी पाहत होतो.