दत्तारामच्या कादंबरीत कोणी एकटं जात नाही

दत्ताराम गेल्याची बातमी मला एका पुस्तकाबरोबर मिळाली. आमच्या पेणच्या वाचनालयात दुपारी सहसा कोणी फिरकत नाही, म्हणून मी फाटक्या पुस्तकांच्या पाठींना खळ लावत बसले होते. कंपनीचा निळा शर्ट घातलेला एक गृहस्थ आत आला, टेबलावर पुस्तक ठेवलं आणि उभाच राहिला. "दत्ताराम म्हात्रेचं हाय. बाईंना न चुकता नेऊन दे, म्हणाला होता." मी सवयीने पानं चाळली, कुठे फाटलंबिटलं नाही ना ते पाहिलं आणि विचारलं, "स्वतः का नाही आला? हॉस्पिटलातून सोडलं ना त्याला?" गृहस्थ वर पंख्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "परवा गेला, बाई. मुंबईलाच. काल गावी नेला त्याला..." मी उठले आणि पुस्तक कपाटात जागच्या जागी लावलं. त्याला आता काही आठवडे झाले, पण त्या कपाटापाशी गेले की हात अजून त्याच पुस्तकावर जातो.

दत्ताराम मूळचा खारेपाटातला, धरमतरच्या खाडीकाठच्या एका गावचा. घरची थोडी भातशेती, बाकी सगळं मिठागरावर. तो मात्र रोह्याला एका केमिकल कंपनीत लागला आणि नदीपलीकडच्या अष्टमी गावात बिऱ्हाड केलं. सुट्टीच्या दिवशी एसटीने नागोठणे, गडब करत पेणला उतरायचा आणि गावाकडची गाडी लागेपर्यंत माझ्या टेबलासमोर ठाण मांडायचा. वाचायचा एकाच जातीची पुस्तकं. मुखपृष्ठावर बेट, राक्षस आणि किंचाळणारी बाई असल्याशिवाय त्याचा हात पुस्तकाकडे जात नसे. विज्ञान, भय आणि साहस एकाच फोडणीत घातलेल्या ह्या कादंबऱ्या मला मुळीच आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. पण वर्गणीदार मागतात म्हणून घ्याव्या लागतात आणि घेतल्या की चाळाव्या लागतात, त्यामुळे त्यांच्या सगळ्या खाचाखोचा मला पाठ. एक प्रोफेसर असतो, त्याला दाढी असते, त्याचा प्रयोग बिघडलेला असतो. त्याला एक मुलगी असते आणि ती देखणीच असते. बेटावर पोचल्या पोचल्या वायरलेस बंद पडतो. एक म्हातारा कोळी "तिकडे जाऊ नका, साहेब" म्हणून बजावतो आणि पुढच्या प्रकरणापासून गायब होतो. पहिल्यांदा दचकवतं ते मांजर निघतं. राक्षस अर्धं पुस्तक होईपर्यंत दिसत नाही, ऐन वेळी टॉर्चचे सेल संपतात, सगळे एकेकटे होतात, एकेक करून मरतात, आणि शेवटच्या पानावर राक्षसाचं एक अंडं शिल्लक असतं.

हे सगळं मी त्याला एकदा चिडून म्हणून दाखवलं, तर तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. त्यालाही ते सगळं ठाऊक होतं. पण त्याला राग यायचा तो वेगळ्याच गोष्टींचा. "बाई, तो म्हातारा बघा. बजावून घरात बसतो? आमच्याकडचा म्हातारा शिव्या देल, पन होडीत सगल्यांत पुढं बसल." टॉर्चवर तर तो वैतागलेलाच असे. सेकंड शिफ्टला जाणारा साधा हेल्परसुद्धा सेल तपासून घेतो आणि ह्या प्रोफेसरला कळू नये? असं करत करत एक दिवस त्याने जाहीर केलं की आता आपणच एक लिहिणार. मी म्हटलं, लिही बाबा. त्यात भिण्यासारखं काय असणार, हे मी तोंडावर बोलले नाही एवढंच.

त्याचा राक्षस निवटी होती. खाडीचा चिखल ज्यांनी पाहिलाय त्यांना निवटी सांगायला नको. इतरांसाठी सांगते, बोटाएवढा मासा, पण पाण्याबाहेर येतो, पुढचे पर टेकत चिखलावर चालतो आणि डोळे त्याचे थेट डोक्यावर. खाडीतल्या बेटावर एका परदेशी शास्त्रज्ञाने सोडलेल्या औषधाने ही निवटी म्हशीएवढी होते आणि ओहोटीला किनाऱ्यावर चालत येते. दत्ताराम सुट्टीच्या सकाळी घरी ही प्रकरणं मोठ्याने वाचायचा, आणि त्याची बायको मंजुळा मासळी साफ करता करता ऐकायची. एकदा मीही होते. राक्षस पहिल्यांदा चिखलातून डोळे वर काढतो असं ते ऐन प्रकरण, आणि मंजुळा म्हणाली, "निवटीला भ्यायचा? कालवनात घालू का तिला?" दत्ताराम रागावला नाही. "म्हशीएवढी हाय गो ती," एवढंच म्हणाला. "मंग टोप मोठा घेवू," ती म्हणाली.

कादंबरी पुरी झाली तेव्हा मी ती वाचली. भाषा कच्ची होती, प्रोफेसरची मुलगी नको तितकी सुंदर होती, पण मधलं एक प्रकरण असं होतं की ते वाचताना चुलीवरचं दूध उतू गेलं. उधाणाचं पाणी चढलंय, निवटीने गावाचा बांध पोखरून खांड पाडलीय, खारं पाणी शेतात घुसतंय. बांधावर दोघं उभी आहेत, त्यांनी हाळी दिलीय, आणि ती दोघं गावाच्या दिशेने बघतायत... बत्त्या दिसतात का, माणसं निघाली का. राक्षस त्या प्रकरणात जवळजवळ नाहीच. खारेपाटात बांधाला खांड पडली की घरटी एक माणूस धावतो, भांडणं असलेलाही धावतो, आणि उधाणात बांधावर एकट्याने पाय ठेवायचा नाही, जोडीला दुसरा हवाच. का, म्हणून मी विचारलं तर त्याला सांगता येईना. आपण उंबऱ्यावर का बसत नाही, तसं ते. नसतं जायचं.

आणि नेमकी इथेच कादंबरी अडली. मी ती गिरगावातल्या एका छोट्या प्रकाशकाकडे धाडली होती. आमच्या वाचनालयाला पुस्तकं पुरवणारा तो माणूस, स्वभावाने वाईट नव्हे. त्याने मला फोनवर सांगितलं, "बाई, बांधाचं प्रकरण झकास. पण सगळी मंडळी बेटावर जातात काय, सगळी परत येतात काय, आणि जिथे तिथे घोळक्याने फिरतात काय! ही सहल आहे की भयकथा? एकाला तरी बेटावरच्या त्या प्रयोगशाळेत एकटा पाठवा. तेवढं एक प्रकरण बदलून द्या, मी छापतो." ऐकून दत्ताराम हरखला. छापील मुखपृष्ठावर आपलं नाव बघायचं, ह्यापलीकडे त्या माणसाला आयुष्यात काही नको होतं, हे मी पैजेवर सांगेन. कंपनीत सगळ्यांना सांगून मोकळाही झाला. पुढची दोनेक वर्षं तो ते एक प्रकरण लिहीत होता.

प्रोफेसरचा मदतनीस तरुण प्रयोगशाळेकडे एकटा निघायचा. जिना उतरायचा. दार ढकलायचा. आणि तिसऱ्या पानावर त्याच्यामागून कोणीतरी यायचंच. कधी स्वयंपाकी, कधी होडीवाला, एकदा तर तो म्हातारा कोळी. "ह्याला कोणी पाठवलं?" मी ओरडायचे. दत्ताराम ओशाळून हसायचा. "मी नाय पाठवला, बाई. तो आपला उठला आन् गेला. बाकीची बसून कशी राहतील?" मी त्याला परोपरीने समजावलं. वाचणारा एकटा वाचतो, म्हणून पात्र एकटं पडलं की त्याला भीती वाटते, ह्या पुस्तकांचं सगळं गाडं त्याच्यावर चालतं. तो शांतपणे ऐकायचा. एकदा म्हणाला, "कोन येनारच नाय, हे एकदा कळला का मानूस भ्यायचा थांबतो, बाई. येतील, पन टायमात येतील का... ती भीती." मला ते तेव्हा पटलं नाही. अजूनही अर्धवटच पटतं. पण असल्या पुस्तकांबद्दल इतका विचार केलेला दुसरा माणूस मला भेटलेला नाही.

मग त्याचं पोट दुखायला लागलं. रोह्याला दाखवलं, पेणला दाखवलं, शेवटी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं तोवर यकृत हाताबाहेर गेलं होतं. मी एकदा जाऊन आले. फाटकाजवळच्या पायऱ्यांवर त्याचं गाव बसलं होतं. बायका, म्हातारे, कंपनीतली दोन-तीन माणसं, मधे भाकऱ्यांचं गाठोडं. वर जायला पास एकच, एका वेळी एकालाच सोडत. दिवसभर तो कागदाचा तुकडा ह्या हातातून त्या हातात फिरत होता. मी वर गेले तर दत्ताराम पिवळाधमक पडलेला, आणि मला म्हणतो, "खाली सगली जेवली का?" थोड्या वेळाने म्हणाला, "बाई, तो प्रकरन राहिला. बरा झालो का करतो. नायतर तुमीच करा. पाठवा त्याला एकट्याला... होऊ दे पुस्तक." मी हो म्हटलं. आजारी माणसाला नाही म्हणवत नाही.

तो गेला त्या सकाळी, मला हे मागाहून कळलं, वॉर्डात डॉक्टरांचा राऊंड होता. राऊंडच्या वेळी नातेवाइकांनी आत थांबायचं नाही, असा तिथला नियम. नियमाशी माझं भांडण नाही. इतक्या रोग्यांच्या गर्दीत डॉक्टरांनी तरी काय करावं? मंजुळा दाराबाहेर भिंतीला टेकून उभी होती, बाकीचं गाव खाली पायऱ्यांवर. दार उघडलं तेव्हा तो गेलेला होता. आजवर कितीतरी मरणं पाहिली, पण इतका संताप मला कधी आला नव्हता. कोणावर काढायचा तेही कळत नाही. ज्या माणसाला कागदावरचं खोटं पात्र एका खोलीत एकटं पाठवता आलं नाही, त्याच्यावरच ही पाळी यावी! बाहेर दारापाशी बायको, खाली सगळं गाव, आणि आत तो एकटा...

मागच्या आठवड्यात प्रकाशकाचा फोन आला. ह्या जातीच्या कादंबऱ्यांना सध्या बरी मागणी आहे, म्हणाला, पुस्तक काढू या. पहिल्या पानावर त्याचा फोटो टाकू. तेवढं ते प्रकरण मात्र तुम्ही करून द्या, दोन-चार पानांचं तर काम. मी ते काम एका बैठकीत केलं असतं, आणि दत्तारामचा शब्दही माझ्यापाशी होता. तरी मंजुळाला विचारल्याशिवाय नको, म्हणून मी अष्टमीला गेले. ती माझ्यासमोर भिंतीला टेकून बसली आणि सगळं ऐकून घेतलं. नाव छापून येईल म्हटल्यावर तिचा चेहरा क्षणभर उजळला, ते मी पाहिलं. पुस्तकाच्या वरती मोठ्या अक्षरात येईल ना, असंही तिने विचारलं. मग म्हणाली,

"तो पोरगा जानार एकला? मागून कोनच नाय?"

"कोणीच नाही," मी म्हटलं. "दत्तारामने स्वतः सांगितलंय तसं करायला."

"दुखन्यात बोलले ते." तिने पदराने तोंड पुसलं. "बाई, ह्यांना एकल्याला पाठवला आपन. एवढा गाव बाहेर बसलेला, आन् आत कोन नव्हता. आता पुस्तकात आनखी एकाला धाडू? नाय. नको छापायला."

मी वाद घातला नाही. प्रकाशकाला नकार कळवला. तिचं बरोबर की चूक, मला अजून सांगता येत नाही. रात्री कधी वाटतं, एवढ्याशा पानांपायी त्या माणसाची एकुलती एक हौस आपण मातीत घातली. पुस्तक आता निघणार नाही. निवटी, बांध, बत्त्यांची वाट बघणारी ती दोघं, सगळं आम्हा दोघींपाशीच राहणार.

निघाले तेव्हा उन्हं कलली होती. मंजुळाने पायात चपला सरकवल्या. दत्ताराम कोणाही पाहुण्याला पूल ओलांडून रोह्याच्या स्टँडपर्यंत सोडायला यायचा, गाडीत बसवल्याशिवाय मागे फिरायचा नाही, म्हणून तीही माझ्याबरोबर निघाली. पुलाखाली कुंडलिका नदीला ओहोटी होती. स्टँडवर पोचलो, पेणची गाडी लागायची होती, आणि माझ्या लक्षात आलं की आता ही एवढ्या पुलावरून एकटी परत जाणार. मी म्हटलं, "चल, मी येते घरापर्यंत." ती नको नको म्हणाली, पण मी तिच्याबरोबर निघालेच. दारात पोचल्यावर तिने कुलूप काढलं नाही. माझ्याकडे बघत उभी राहिली. "आन् आता तुमी एकल्या जानार?"

आम्ही पुन्हा निघालो. पुलाच्या मध्यावर आलो आणि मंजुळा मधेच थांबून मोठ्याने हसली. तो गेल्यापासून पहिल्यांदाच असावं. हसता हसता तिने माझं मनगट घट्ट धरलं आणि कठड्याशी रडत उभी राहिली. येणारी-जाणारी माणसं बाजूने जात होती. गाडीची वेळ झाली होती. मी गेले नाही.