नऊ वेळा नेक्स्ट

मंडळी, आज मी आमच्या लॅबच्या जुन्या कम्प्युटरवाल्या तिवारीजींचा सगळ्यांसमोर कचरा केला, वर टाळ्याही घेतल्या.

जुनं सॉफ्टवेअर टाकताना नऊ वेळा नेक्स्ट दाबावं लागायचं. सहाव्या स्क्रीनवरची टिक काढली नाही, तर मशीन अडकायचं. हे फक्त तिवारीजींना ठाऊक. म्हणून जानकीपुरमच्या आमच्या कॅम्पसमध्ये त्यांना खोलीखोलीत चहा मिळायचा.

ती टिक त्यांनीच मला कागदावर काढून समजावली. मी नवा इन्स्टॉलर केला, एकाच बटणाचा.

साहेबांनी ते बटण त्यांनाच दाबायला लावलं. मिनिटात काम झालं.

"तिवारीजी, अब चाय कहाँ पिएँगे?" मी विचारलं.

सगळ्यात आधी मी हसलो.

जाताना त्यांनी तो कागद परत मागितला.

"फेंक दिया," मी म्हटलं.

तुम्ही जपून ठेवला असतात?